हेवी मेटलवाल्याच्या संसाराविषयी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकांचे पत्र वाचले. हेवी मेटल नावाचे कर्कश विलायती संगीत वाजवणारी मंडळी व्यसनी असतात, त्यांचे संसार टिकत नाहीत आणि त्यांच्या पोरांची परवड होते, तेव्हा कोल्हापुरातील महाविद्यालयांनी अशा कार्यक्रमांना आपली सभागृहे देऊ नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. सभागृहांविषयी मला काही म्हणायचे नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु संसार आणि पोरे यांविषयी मात्र लिहिणे भाग आहे, कारण माझा जावई गेली चौदा वर्षे हेवी मेटलच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवतो आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, जिला दोन वर्षांची व्हायला आता महिनाही उरलेला नाही, ती हे पत्र लिहीत असताना माझ्या चष्म्याचे घर उघडमीट करत शेजारी बसली आहे.

मी संगीतातला जाणकार नव्हे. शिवाजी उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मिळून चौतीस वर्षे मी फौंड्रीत काढली. सुरुवातीची दहा-बारा फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा ग्राइंडरवर घासण्यात, आणि उरलेली साच्यांवर. खासबागेत कुस्तीला गेल्यावर हलगी कडाडली की अंगावर काटा यायचा, तेवढाच माझा वाद्यांशी संबंध. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी मुलीने ‘मुलगा इंजिनिअर आहे, गोकुळ शिरगावात सीएनसी मशीनचे प्रोग्रॅमिंग करतो आणि ड्रमही वाजवतो’ असे घाबरत घाबरत सांगितले, तेव्हा मला ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडमधला ढोल वाटला होता. मुलगा घरी आला तो खांद्यापर्यंत वाढवलेले केस घेऊन आणि छातीवर कवटी छापलेला काळा शर्ट घालून. आमच्या सौभाग्यवतींनी पोह्यांची बशी उंबऱ्यावरूनच आत परत नेली. मी त्याला सरळ विचारले, ‘दारू पिता का?’ तो म्हणाला, ‘नाही काका. आमच्यातले पूर्वीचे पुष्कळ जण प्यायचे. पण माझे काम दोन्ही हातांचे आणि दोन्ही पायांचे आहे. प्यायलेल्या माणसाचे पाय धड चालत नाहीत, ते वाजणार कुठून?’ उत्तर पटले असे नाही, पण लक्षात राहिले. होकार द्यायला मी अकरा महिने लावले.

पत्रलेखकांचा पहिला आरोप खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या ब्लॅक सॅबथ या बँडपासून हे संगीत सुरू झाले असे मानतात, त्याचा गायक ऑझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ रोजी वारला. त्या दिवशी जावई कामावरून येऊन गप्प बसून होता, आणि रात्री जेवताना त्याने त्या माणसाची जी हकिगत मला सांगितली तीत गौरव थोडा आणि दोष फार होते. पहिल्या बायकोपासून ऑझीला दोन मुले होती, तिच्या आधीच्या मुलालाही त्याने दत्तक घेतले होते. पण ही मुले वाढत होती तेव्हा हा गृहस्थ एक तर दौऱ्यावर असायचा, नाही तर नशेत, आणि त्या संसारात बाप म्हणून आपण कमी पडलो याची कबुली त्याने पुढे स्वतःच दिली. १९८९ मध्ये दुसऱ्या पत्नीचा, शॅरनचा, नशेत गळा दाबल्याबद्दल त्याला अटकही झाली होती. या वागण्याचे समर्थन माझ्या घरात कोणी करत नाही, जावई तर नाहीच. वाद्याचा दोष नव्हे, दारूचा दोष, असे म्हणून सुटता येईल, पण तेही पुरते खरे नाही. ज्या धंद्यात रोज रात्री स्टेजच्या मागे बाटल्या मांडून ठेवलेल्या असतात, त्या धंद्याकडेही दोषाचा काही वाटा जातोच.

हकिगत ऐकताना मी मध्येच विचारले, ‘याचा बाप काय करायचा?’ बाप टूलमेकर, कारखान्यात रात्रपाळीला. आई मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दिवसपाळीला. पदरी सहा पोरे आणि बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले छोटेसे घर. हे ऐकल्यावर ते घर मला उद्यमनगराच्या मागच्या गल्लीतले वाटू लागले. ५ जुलै २०२५ रोजी, मरणाच्या सतरा दिवस आधी, कंपवाताने चालणे अवघड झालेला हा माणूस त्याच ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानात सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचे गायला. जावयाने मोबाइलवर ते दाखवले. गाणे मला कळले नाही, पण बसल्या जागी हात उंचावून लोकांना उठवण्याची त्याची धडपड कळली.

त्याच बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट तर मी फौंड्रीतल्या जुन्या सोबत्यांनाही सांगितली आहे. हा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडून बँडबरोबर जायचे ठरले होते, कामाचा शेवटचा दिवस होता, आणि नेमकी त्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवाच. डॉक्टरांनी वादन विसरायला सांगितले. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले, जाड तारांऐवजी हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. हेवी मेटलचा जो दणदणीत, खर्जातला आवाज म्हणतात, त्यात या सैल तारांचा वाटा मोठा आहे. प्रेसखाली बोटे गेलेली तीन माणसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. एकाने पुढे पानाची टपरी टाकली, एक शेती करायला गावी गेला, तिसऱ्याचे काय झाले ते सांगवत नाही. म्हणून बोटांना टोपणे बसवून पुन्हा तारेला भिडणाऱ्या पोराविषयी मला जे वाटते ते वाटते. त्याचे संगीत मला आवडो वा न आवडो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पत्रलेखकांना या मंडळींच्या घरात जो रोग दिसला तो रोग खरा आहे, फक्त त्याचे नाव त्यांनी चुकीचे सांगितले. तो रोग आवाजाचा नाही, घरी नसण्याचा आहे, आणि तो मला चांगला ओळखीचा आहे. माझी मुलगी लहान असताना महिन्यातले दोन आठवडे मी रात्रपाळीला असे. भट्टी पेटली की माल ओतून होईपर्यंत कोणाला घरी जाता येत नसे. जादा पाळी मिळाली तर ती मी कधी सोडली नाही. तिने पहिले पाऊल टाकले ते मी पाहिले नाही. तिची शाळा सकाळची, माझी झोप सकाळची. चौथीपर्यंत ती मला उशीवरचे डोके म्हणूनच ओळखत असावी. एवढे करून पाहुण्यारावळ्यांत माझे नाव झाले ते ‘कष्टाळू माणूस’ म्हणून. बाप म्हणून नालायक, असे मला कोणी म्हटले नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहून तर नाहीच. ऊसतोडीला जाणारा, ट्रक चालवणारा, सैन्यात असणारा, दसऱ्याला फड घेऊन बाहेर पडून थेट अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला घरी परतणारा तमाशा कलावंत, हे सगळे बाप घराबाहेरच असतात. ज्या केशवराव भोसल्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले तेव्हा निम्मे कोल्हापूर रस्त्यावर उभे राहून रडले, त्यांच्या काळच्या संगीत नाटक कंपन्याही गावोगाव बिऱ्हाड हलवत फिरणाऱ्याच होत्या. या सर्वांना आपण एका मापाने मोजतो आणि केस वाढवलेल्या माणसाला दुसऱ्या.

शिवाय या मंडळींतलेच काही जण या दुखण्याशी उघडपणे झगडले आहेत. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड याचा बाप ट्रक चालवायचा. पोरगा तेरा वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. आई औषधोपचार न मानणाऱ्या पंथातली, ती कर्करोगाने गेली तेव्हा जेम्स सोळा वर्षांचा होता. पुढे जगभर नाव झाल्यावर हाच जेम्स आपल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घरी नव्हता. रशियात अस्वलाच्या शिकारीला गेला होता. २००१ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि परत आल्यावर त्याने सोबत्यांना सांगितले की दुपारी बारा ते चार एवढाच वेळ मी काम करीन, नंतर घर. कोट्यवधींचा धंदा असलेल्या बँडमध्ये त्यावरून भांडणे झाली आणि ती २००४ मध्ये आलेल्या माहितीपटात सगळ्या जगाने पाहिली. माणूस एकदा सुधारला म्हणजे कायमचा सुधारला असेही झाले नाही, २०१९ मध्ये त्याला पुन्हा उपचार घ्यावे लागले. पण बारा ते चार ही अट मला फार आवडली. फौंड्रीत असताना अशी अट मालकाला घालण्याची माझी छाती झाली नसती, आणि खरे सांगायचे तर तसा विचारही माझ्या मनात कधी आला नाही.

जावयाची अट वेगळी आहे, कारण आपल्याकडे या संगीतावर घर चालत नाही. सोमवार ते शुक्रवार कारखाना, शनिवारी पहाटेच्या एसटीने पुणे, कारण बँडमधले बाकी तिघे तिकडे राहतात, आणि रविवारी संध्याकाळी परत. पुणे–बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर मध्येच पडते, हा त्यांच्या बँडच्या दृष्टीने आपल्या गावाचा सर्वांत मोठा गुण! १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा इंग्रज बँड बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला, तेव्हा हा शाळकरी पोरगा घरी खोटे सांगून रात्रीच्या बसने तिकडे गेला होता; ते खोटे त्याने लग्न ठरल्यावर आपल्या आईला सांगितले. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडचा साहिल मखीजा तर ‘हेडबँगर्स किचन’ नावाने स्वयंपाकाचे व्हिडिओ करतो. घरची चूल पेटती ठेवायला लोकांना चूलच दाखवायची, ही युक्ती आमच्या सौभाग्यवतींना पसंत पडली. त्यातला एक पदार्थ त्यांनी करूनही पाहिला, मात्र त्यात तिखट पडल्यावर तो मूळचा राहिला नाही.

घरात तो कसा असतो ते मी रोज पाहतो. नात पोटात असताना दोघे सोनोग्राफीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी ठोके ऐकवले. हा पठ्ठ्या घड्याळ धरून मोजत बसला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘मामा, मिनिटाला दीडशे. आमच्या दुसऱ्या गाण्याची बरोबर हीच लय आहे.’ मग त्याने सेपल्टुरा या ब्राझीलच्या बँडची हकिगत सांगितली, की त्यांचा तेव्हाचा गायक मॅक्स कॅव्हलेरा याने १९९३ मधल्या अल्बमची सुरुवातच आपल्या पोटातल्या मुलाच्या ठोक्यांनी केली होती आणि तो मुलगा आता बापाच्याच बँडमध्ये ड्रम वाजवतो. मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहिओचा मुलगा तर २०१७ मध्ये, अवघा बारा वर्षांचा असताना, कॉर्न या बँडबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ हे पुत्र बापाकडेच शिकले, याचा आपण कोल्हापूरकर अभिमानाने उल्लेख करतो. मग यालाही घराणे म्हणायला हरकत काय, असे मी एकदा शास्त्रीय गाणे ऐकायला देवल क्लबात जाणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना म्हणालो, तर त्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. तुलना थोडी आगाऊच होती, हे मला मान्य आहे.

ड्रमचा पूर्ण संच तो केर्लीजवळ एका मित्राच्या पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवतो. घरी फक्त वहीएवढा रबराचा पॅड आहे. नात पाळण्यात झोपत असे तेव्हा रात्री हा जमिनीवर बसून पॅड मांडीवर घ्यायचा, डाव्या पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी अडकवायचा आणि दोन्ही हातांनी सराव करायचा. हातांची गती दुप्पट होई, चौपट होई, काठ्या दिसेनाशा होत. पाळणा मात्र त्याच संथ लयीत हलत राही. मी पलंगावरून पाहत पडायचो. तीन रात्री पाहिल्यावर मी स्वतःच्या हातांनी आणि पायाने ते करून पाहिले. हात जलद नेले की पाय त्यांच्या मागे पळतो.

आवाजाविषयी एकच सांगतो. ग्राइंडरपाशी उभे राहून माझा डावा कान पंचविशीतच गेला. कानात घालायला काही द्यावे असे त्या काळी कोणाला सुचले नाही. आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेला की दर तीन डेसिबलला सोसण्याचा वेळ निम्मा होतो, हे मला निवृत्तीनंतर या ड्रमरने सांगितले. तो स्वतः कानात बोळे घातल्याशिवाय वाजवत नाही. गेल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीला आम्ही सगळे महाद्वार रोडला गेलो. समोरून डॉल्बीची भिंत आली, दुकानांची शटरे थरथरू लागली, आणि मी नातीला खांद्यावर घेऊन पुढे सरकत होतो तेवढ्यात याने तिला माझ्याकडून काढून घेतले, दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले आणि गर्दी कापत गल्लीत नेले. आजूबाजूचे लोक त्याच्या शर्टावरची कवटी पाहत होते.

हे वाचून तो आदर्श बाप आहे असे कोणी समजू नये, नाही तर माझी मुलगी मला घरात घेणार नाही. त्या पत्रात संसाराचा उल्लेख चार वेळा आहे, पण बायकोचा एकदाही नाही. आणि अशा घराचा भार शनिवार-रविवारी जिच्यावर पडतो ती तीच. मुलगी स्वतः नोकरी करते. मागच्या पावसाळ्यात पोरीला शनिवारी रात्री ताप चढला, एकशे तीनपर्यंत गेला. हा पुण्यात स्टेजवर. तिने अकरा वेळा फोन लावला. माझ्या स्कूटरवर आम्ही तिघे भर पावसात दवाखान्यात गेलो. याने पाऊण तासानंतर फोन उचलला आणि मध्यरात्री मिळेल त्या ट्रकने निघून पहाटे घरी पोहोचला. त्यावर मुलगी त्याच्याशी आठवडाभर कामापुरतेच बोलली, आणि मला त्यात तिचे काही चुकले असे वाटत नाही. तेव्हापासून वाजवताना त्याचा फोन साउंडवाल्याजवळ सुरू असतो आणि घरून फोन आला तर गाणे अर्धवट थांबवायचे, असे बँडमध्ये ठरले आहे. आजवर एकदा थांबवले. फोन मीच चुकून लावला होता.

पुढच्या महिन्यात नातीचा दुसरा वाढदिवस आहे. नेमक्या त्या तारखेला यांना बेंगळुरूला वाजवायचे बोलावणे आले, आजवरच्या कार्यक्रमांत सर्वांत मोठे, आणि याने घरात कोणाला न विचारता नकार कळवून टाकला. मला राग आला. दोन रात्री आमची वादावादी चालली. मी म्हणत होतो की हेटफिल्ड शिकारीला गेला होता, तू कामाला जाणार आहेस, यात फरक आहे. तो म्हणत होता, ‘मामा, पोरीच्या दृष्टीने काय फरक आहे? बाप घरी नाही तो नाहीच.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, तरी मी बोलतच राहिलो. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातले कॅलेंडर खिळ्यावरून काढून आमच्या मध्ये ठेवले आणि आपल्या घरात वाढदिवस तिथीने करतात याची आठवण दिली. तिथी तीन आठवडे आधी, मंगळवारी येते. जावयाने बेंगळुरूला पुन्हा फोन केला; सुदैवाने त्यांची जागा अजून कोणाला दिलेली नव्हती.

तेव्हा मंगळवारी पुरणपोळ्या आहेत. बारशाला झाले तसे काळ्या शर्टात चालणार नाही, एवढी अट तेवढी सौभाग्यवतींनी घातली आहे, आणि जावयाने ती मान्य केली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त फौंड्री कामगार,
कोल्हापूर